दोनाचा आकडा

आज मेकपला शाळेची खोली मिळाली,
सातवी-आठवीची. बाकं एका अंगाला सारून
मी पेटी उघडली: सफेदा, पिवडी, काजळ,
मिशांचा डिंक, खोबरेल, जुन्या धोतराचे तुकडे.
बाहेर बांधीत तणस अंथरून
सहा गावं बसलीत, लेकरं शालीत गुंडाळून.
दिवसभर शंकरपट होता.
त्याची धूळ अजून खाली बसली नाही,
इन्स्पेक्टरच्या भुवयांतसुद्धा सापडली.

पत्रकावर माझं नाव शेवटून तिसरं:
रंगभूषा, रेवनाथ कुथे, एम. एस्सी.
ते एम. एस्सी. मालकानं घातलं.
मी नको म्हटलं, तर म्हणाला,
"राहू दे ना गा. आपला व्हिलन बारावी नापास हाय,
कंपनीत कुठी तं वजन पायजे."

हे काम मावसा करायचा.
त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला त्या वर्षी
मी तासिकेवर होतो, वडशाच्या पलीकडं,
मार्चचा पगार पुढच्या मार्चला.
कायम व्हायचं तर किती, हे अध्यक्षांनी
तोंडानं सांगितलं नाही.
कॅल्क्युलेटरवर आकडा दाबला
आणि तो माझ्याकडं फिरवून
स्वतः खिडकीबाहेर बघत बसले.
मावसा म्हणाला, आठ दिवस चल,
डब्या तेवढ्या ओळखून दे.
त्या आठ दिवसांना अकरा हंगाम झाले.

वाईट वाटतं का, विचारतात लोक.
वाटतं. एसटीत जुना वर्गमित्र भेटला की
ब्रह्मपुरीपर्यंत वाटत राहतं.
पण कुणाच्या गालाला काय सोसत नाही,
घाम फुटला की कुठली मिशी आधी सुटते,
हे कुठल्या पेपरात नव्हतं.
वीस वर्षांच्या पोरीची सासू करायची तर
मी तिला म्हणतो, हस.
घडी पडते तिथंच काडी फिरवतो.
ती रेघ तिचीच असते,
मी फक्त थोडी आधी आणतो.

रात्रीचे तीन. तिसरा अंक.
खोलीत मी, पेटी आणि फळा.
फळ्यावर शुक्रवारची तारीख,
खाली कुणा पोराचं वाकडं अक्षर:
हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, बाण, पाणी.
इकडून ऑक्सिजनचे दोन अणू निघालेत,
तिकडं एकच पोचलाय.
दुसरा वाटेत कुठं उतरला,
कुणी विचारलं नाही.
की गुरुजींनी मुद्दाम तसंच ठेवलं
सोमवारी विचारायला?

खडू शोधला. चौकटीत नाही, बाकांखाली नाही,
टेबलाच्या खणाला कुलूप.
बाहेर ऑर्गन वर चढला होता,
बाप लेकीला दारातून घरात घेत नव्हता,
सहा गावं नाक ओढत होती.
मी बोट सफेद्यात बुडवलं.
हायड्रोजनच्या आधी दोन.
पाण्याच्या आधी दोन.

मागं वनश्री उभी, सासूच्या लुगड्यात,
अर्धं म्हातारपण डोळ्यातल्या पाण्यानं धुऊन गेलेलं.
कंपनीत मला सर म्हणणारी ती एकटी.
"का लिहून राहिले सर?"
एक ऑक्सिजन राहिला होता, म्हटलं.
तिनं फळा पाहिला, बराच वेळ.
"म्हंजे पानी दोन झालं?"
हो, दोन.
"मंग बरं हाय," म्हणाली, आणि गाल पुढं केला.
शेवटच्या प्रवेशाला तीन मिनिटं होती.
हस, म्हटलं.

पहाटे टेम्पोत पेटी चढवताना आठवलं,
सफेदा तेलातला आहे.
डस्टरनं जायचा नाही, ओल्या फडक्यानंही नाही.
खोबरेल लावून थोडं थांबावं लागतं,
मग मऊ कापडानं, वरून खाली,
चेहऱ्यावरून काढतो तसं.
गाडी निघाली.
शाळेला कुलूप लागलं होतं.